भिकाजीकाकांचा उजवा हात

मालवण, भरड
२ जानेवारी २०२५

आकांक्षा,

माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. रेडीला जानकीमावशीकडे आहेस, हे दुकानातल्या रियाकडून कळलं. ती सांगत नव्हती. सांगायला लावलं.

पोलीस ठाण्यातून दोनदा फोन आला. अपघात झाला तेव्हा काउंटरवर तू होतीस, म्हणून तुझाही जबाब हवाय. अवघड काही नाही. फरशीवर पीठ सांडलं होतं, भिकाजीकाकांचा पाय घसरला आणि तोल सावरताना उजवा हात फ्रायरच्या उकळत्या तेलात गेला. हे मी रचून सांगत नाही. काकांनी स्वतः गोव्याच्या हॉस्पिटलात हवालदारासमोर सांगितलंय. ज्याचा हात भाजला तोच असं म्हणतोय, तर तुला त्यात वेगळं काय दिसलं?

तुझे आईवडील गेल्यावर काकांनी तुला वाढवलं, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच त्यांना दुकानात घेतलं. पन्नाशी उलटलेला, आयुष्यभर लग्नाच्या पंगतींचं जेवण रांधलेला माणूस. त्याला टोपी-एप्रन घालून टँगो चिकनच्या स्वयंपाकघरात कोण उभं करतो? मी केलं. पण टँगो चिकन म्हणजे काकांच्या मसुऱ्यातली पंगत नव्हे. इथे टायमर वाजला की तेलातली बास्केट वर. त्याआधी नाही, नंतरही नाही. कंपनीचा नियम आहे. काकांनी तो कधी मानलाच नाही. ‘तेलाचो आवाज बदाललो काय पीस झालो. तुझ्या त्या डब्याक कित्याक इचारू?’ असं गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. गिऱ्हाइकं हसायची. तूही हसायचीस.

बाबांचा ट्रॉलर विकून मी ही फ्रँचायझी आणली. अख्खं मालवण मला वेडा म्हणत होतं. मासे सोडून कोंबडी तळतोय म्हणे. त्याच लोकांची पोरं आता रविवारी रांगेत उभी राहतात. हे एका दिवसात झालेलं नाही. आणि अठ्ठावीस डिसेंबरला तारकर्लीहून आलेल्या पर्यटकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती, पुण्याहून आलेला एरिया मॅनेजर वही घेऊन माझ्या खांद्याशी उभा होता. त्या वेळी माझ्या डोक्याचं काय झालं असेल, याचा बायको म्हणून एकदा तरी विचार कर.

जबाबात ट्रेचं काही काढू नकोस. ट्रे माझ्या हातातून सुटला होता. तुझ्या भुवईला टाके पडले त्याला दोन वर्षं झाली. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

रविवारपर्यंत ये. नाही आलीस तर मी रेडीला येईन. मी आलो की काय होतं, ते तुला माहीत आहे.

देवेश


मालवण
११ जानेवारी

आकांक्षा,

झालं ते तुझ्यामुळे झालं. दार उघडलं असतंस तर लाथ मारायची वेळ आली नसती. कडी तुटून दार आत गेलं तेव्हा त्याच्यामागे मावशी उभी होती, हे मला बाहेरून कसं दिसणार? तिच्या मनगटाला प्लास्टर घालावं लागलं, त्याचं वाईट वाटतं. पण मी तिच्या अंगाला बोटही लावलेलं नाही, हे तिथल्या शेजाऱ्यांना नीट सांग. उलट तिनेच दुसऱ्या हाताने कोयती उचलली. ‘फुडे इलंस तर मान उतरवीन,’ म्हणाली. ‘माका काय करतले? म्हातारेक फाशी देतले?’ सत्तर वर्षांची बाई, हात मोडलेला, आणि कोयती जराही हलत नव्हती.

तू तिच्या मागे उभी होतीस. रडत नव्हतीस. मला तेच जास्त लागलं. एरवी मी आवाज चढवला की तुझे डोळे भरतात आणि मग माझा राग उतरतो. आपलं तसंच चालत आलंय. त्या दिवशी तू नुसती बघत राहिलीस.

परत येताना वेंगुर्ल्याच्या पुढे एक कुत्रा गाडीला आडवा आला. मी ब्रेक लावला नाही.

तू तिथे दोनच शब्द बोललीस. ‘मी बघितलंय.’ ठीक आहे. काय बघितलंस ते मीच लिहितो, म्हणजे तुला वाढवून सांगायला जागा राहणार नाही.

काकांनी टायमर वाजायच्या आधी बास्केट वर काढली. मॅनेजरने वहीत काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, ‘खाली टाका.’ काका म्हणाले, ‘करपतलो.’ मी पुन्हा म्हटलं. तेव्हा ते माझ्याकडे नाही, मॅनेजरकडे बघून हसले. ‘साहेबानु, ह्येका सांगा, कोंबडो घड्याळ बघून शिजना नाय.’ मॅनेजरही हसला. मग मी धक्का दिला. बास्केट खाली जावी म्हणून खांद्याला धक्का दिला, एवढंच. हात आत जाईल हे मला काय ठाऊक?

झालं तुझं समाधान? धक्का दिला. म्हणजे पाय घसरला हे अगदीच खोटं नाही. धक्क्याने पाय घसरतोच.

काकांनी हे कोणालाही सांगितलेलं नाही. गाडीत घालून त्यांना नेताना, कातडी लोंबत असताना, त्यांनी माझी कॉलर डाव्या हाताने धरून जवळ ओढलं आणि सांगितलं, ‘पाय घसारलो. समाजला?’ तुझा संसार मोडू नये म्हणूनच ना? त्या माणसाने हात दिला, आणि तुला साधं तोंड बंद ठेवता येत नाही?

वाचून झाल्यावर हे पत्र जाळून टाक.

देवेश


कुडाळ
१९ जानेवारी

आकांक्षा,

अक्षर वाकडं येतंय, कारण खांद्याला पट्टा बांधलाय. इथल्या खासगी दवाखान्यात आहे. कशाने, ते तुला कळलं असेलच. तुझा भाऊ आला होता. काकांचा ओमकार चुलत असला तरी तुला तो सख्ख्यासारखाच.

शुक्रवारची दुपार. दोन टेबलांवर माणसं जेवत होती, फ्रायरवर मी होतो. ओमकार स्कूबाच्या बोटीवरून तसाच आला असावा, ओल्या चड्डीत आणि अनवाणी. हातात बोटीच्या नांगराची साखळी. पहिल्या फटक्यात दर्शनी काच गेली, दुसऱ्यात मेन्यूचा बोर्ड. मी ‘ओमकार, ऐक’ म्हणत पुढे आलो, तर तिसरा माझ्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आकांक्षा. दुखायला लागलं ते नंतर.

मग साखळी टाकून मुठींनी. समोरचे दोन दात गेले, त्यातला एक मी गिळला. केसांना धरून त्याने मला काउंटरच्या मागे ओढत नेलं, काचा गुडघ्यांत घुसत होत्या. फ्रायर चालूच होता. त्याने माझं तोंड तेलावर धरलं. भुवया जळल्याचा वास मला आला. ‘बाबाचो हात कसो शिजलो ता बघ,’ म्हणाला. ‘डोळे उघड, मेल्या. बघ.’ मी उघडले नाहीत. मी पँटमध्ये मुतलो, हेही लिहितो. तुला बरं वाटेल.

लोकांनी त्याला ओढून काढलं म्हणून मी जिवंत आहे.

तक्रार दिली आहे. जिवे मारण्याचा प्रयत्न. ओमकार कोठडीत आहे. काल त्याला कोर्टात नेताना त्याची आई, तुळसाकाकू, रस्त्यात आडवी झाली होती, असं ऐकलं.

आता मला एक सांग. त्याला कोणी सांगितलं? काका बोललेले नाहीत. म्हणजे तू. माझा खांदा तू मोडलास आणि भावाला आत घातलंस, दोन्ही रेडीच्या पडवीत बसून.

पण मार्ग आहे. तू ‘पाय घसरला’ असा जबाब दे. मग मीही सांगेन की रागाच्या भरात दोन ठोसे बसले, तेलाचं मला नीट आठवत नाही. त्याच्यावरचं कलम हलकं होईल. तुझ्या एका सहीवर तुझा भाऊ सुटतो. नाही केलीस, तर काकूला तोंड तू दाखव.

देवेश


मालवण
६ फेब्रुवारी

आकांक्षा,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. ‘सौदा नको. ओमकारने विचारलं, मी खरं सांगितलं. तुला काय सांगायचं ते तू ठरव.’ खाली सहीसुद्धा नाही.

कंपनीने करार संपवला. काकांच्या हाताबद्दल त्यात एक अक्षर नाही. काच फुटून दुकान बंद राहिलं आणि ब्रँडचं नाव खराब झालं, हे कारण. परवा दोन माणसं शिडी लावून लाल पाटी उतरवून घेऊन गेली. समोरचा पानवाला बाबू खुर्ची टाकून बघत बसला होता. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. एका हाताने काय मारणार? त्याने मला धरून त्याच खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. ते पाणी मी त्याच्या तोंडावर फेकलं.

काल रिया आली. मला वाटलं, पगाराचं विचारायला आली असेल. ती दारातच उभी राहिली. म्हणाली, ‘सर, मी पोलिसांका सांगून इलंय. ओमकारदादाक कोणी ओढूक नाय. त्येनी आपणहून सोडल्यान तुमका.’

माझा डावा हात वर गेला होता. कधी गेला ते मला कळलं नाही.

ती मागे सरकली नाही. ‘मारा,’ म्हणाली. ‘मागे एकदा मारलात, तेव्हा मी घराकडे सांगलंय की फ्रीजरचा दार लागला. आता नाय सांगूचंय.’

तिला मी कधी मारलं, ते मला आठवेना. रात्रभर आठवत होतो. मग आठवलं. गणपतीच्या सुट्टीत बर्गरचे बन संपले होते, तेव्हा. तू मध्ये पडली होतीस.

ती खरं बोलते. कोणीच ओढलं नाही. सगळे मोबाइल धरून उभे होते. ओमकारने मला तेलावर धरलं होतं आणि खाली दाबायला त्याला कोणाचीच आडकाठी नव्हती. मग त्याने मला बाजूला फेकलं. स्वतः फ्रीजरला टेकून बसला आणि लहान पोरासारखा रडला. पोलीस येईपर्यंत तो तिथून हलला नाही. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर काचांत पडलो होतो. काउंटरच्या मागे आम्ही दोघंच होतो, पण मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

तो थांबला. एवढं लिहायला मला वीस दिवस लागले.

आणि ट्रे हातातून सुटला नव्हता. मी फेकला होता. तू वाकलीस म्हणून डोळा वाचला.

देवेश


मालवण
१ मार्च

आकांक्षा,

आंगणेवाडीची जत्रा उलटून आठवडा झाला. रस्ते मोकळे झाल्यावर मसुऱ्याला गेलो. एसटीने गेलो. गाडी चालवायची मला आता भीती वाटते, आणि ती खांद्यामुळे नाही.

तुळसाकाकूने मला अंगणातच थांबवलं. काका पडवीत बसले होते आणि ती त्यांना पेज भरवत होती. हात त्यांनी पंचाखाली ठेवला होता. मला बघून त्यांनी पंचा काढला. मुद्दाम काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. उरलेली तीन एकमेकांना चिकटलीत. मांडीची कातडी काढून लावली आहे, ती वेगळ्याच रंगाची दिसते. ह्या हाताने त्यांनी आपल्या लग्नात सातशे माणसांना वाढलं होतं. तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो होतो.

मी म्हटलं, ‘काका, मी पोलिसांना खरं सांगणार आहे.’

‘माका इचारूक इलंस?’

‘तुम्ही पाय घसरला असं सांगितलंय. मी वेगळं बोललो तर तुमचा शब्द खोटा पडेल.’

त्यांनी तोंडातला घास गिळला. घाई केली नाही. ‘मी खोटा बोललंय ता तुझ्यासाठी नाय. चेडवाचा घर मोडू नये म्हणान बोललंय. आता घर खंय आसा? चेडू रेडयेक, झिल कोठडीत, आणि मी पेज भरवून घेतंय. ह्या खोट्यान कोणाचा भला झाला, सांग माका.’

मग माझ्या तोंडून नको ते निघालं. म्हटलं, ‘मला माफ करा.’

काकू उठली आणि तिने पेजेची पितळी माझ्या तोंडावर मारली. गरम पेज डोळ्यांत गेली. ओठ फुटला. मी हात मध्ये घातला नाही. तिने दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा मारलं, आणि प्रत्येक वेळी ‘माफी? माफी?’ एवढंच विचारत होती. मी खाली बसलो. चौथ्यांदा तिने हात उचलला तेव्हा काका म्हणाले, ‘पुरे गो. ह्येच्यासारख्या आमका होवचा नाय.’

ती थांबली. पितळी चेपली होती. ती तिने अंगणातल्या दगडावर ठोकून सरळ केली, धुतली, आणि पुन्हा पेज वाढून काकांसमोर बसली. मी उठून गेलो तेव्हा दोघांपैकी कोणी बघितलं नाही.

उद्या जातो ठाण्यात.

देवेश


सावंतवाडी
९ मार्च

आकांक्षा,

हे तुरुंगातून लिहितो. हे पत्र दुसऱ्या कोणी वाचून मगच तुझ्यापर्यंत येईल. येऊ दे.

आधी ओमकारचं. मी माझी तक्रार दुरुस्त करून दिली. त्याने मारलं हे खरं, आणि त्याने स्वतःहून सोडलं हेही खरं. दोन्ही लिहून घेतलं. त्याला गुरुवारी जामीन मिळाला. तुला हे कळलं असेलच, तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

आता माझं. साहेब लिहून घेत होते. मी धक्का दिल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘धक्का दिला, हात आत गेला. पुढे?’

तुला लिहिलेल्या पत्रातही मी तिथेच थांबलो होतो. साहेब म्हणाले, ‘डॉक्टर म्हणतात, नुसता हात बुडाला तर माणूस झटकन काढतो. एवढं आतपर्यंत भाजत नाही.’

मग सांगितलं. तू काउंटरवरून बघितलंस, तुला सगळं ठाऊक आहे. तरी माझ्या अक्षरात एकदा असू दे.

हात मनगटापर्यंत आत गेला होता आणि मी त्यांचं कोपर धरून ठेवलं होतं. काका ओरडले नाहीत. ‘देवेश, सोड,’ म्हणाले. हळू म्हणाले, गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात. टायमरवर चार सेकंद उरले होते. मी त्या आकड्यांकडे बघत होतो. तू किंचाळत होतीस, ते मला ऐकू येत होतं. मॅनेजरने वही छातीशी धरली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं, तेही मला दिसत होतं. मला राग आलेला नव्हता, आकांक्षा. राग त्याआधीच संपला होता. मला फक्त टायमर वाजायला हवा होता. वाजला, तेव्हा मी सोडलं.

साहेबांचं पेन थांबलं. टेबलाशी उभा असलेला हवालदार बाहेर निघून गेला. मग साहेबांनी ते सगळं लिहिलं आणि मी सही केली.

तुला कोर्टात बोलावतील. माझी बाजू सांभाळून बोलू नकोस. मागचंही विचारतील, तेही सांग. वकिलाकडून घटस्फोटाचे कागद आले तर मी अडवणार नाही.

काकांना त्यांचा जुना जबाब बदलायला त्याच दिवशी बोलावलं होतं. मला बाकावर बसवलं होतं, तिथून मी बघत होतो. तुळसाकाकू त्यांना धरून आत घेऊन आली. काका खरं बोलले. मी सांगितलं त्याहून कमीच बोलले. ‘सोड’ म्हणाल्याचं त्यांनी सांगितलंच नाही. शेवटी साहेबांनी माझ्याकडे हात करून विचारलं, ‘ह्या माणसाला ओळखता का?’

काका त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, ‘वळाखतंय. माझ्या चेडवाचो घोव होतो.’

साहेबांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. ‘सदर इसम माझ्या पुतणीचा पती आहे.’ हवालदाराने शाईचा डबा पुढे केला. सही करायचा हात उरलेला नाही म्हणून काकांनी डावा अंगठा शाईत बुडवला. तो कागदापर्यंत नेऊन त्यांनी थांबवला.

‘साहेबानु, तसा नाय,’ म्हणाले. ‘होतो, असा लिवा.’

साहेबांनी ‘आहे’ खोडलं आणि त्याच्यावर ‘होता’ लिहिलं. काकांनी काकूकडून ते वाचून घेतलं. मग अंगठा उठवला.

देवेश